तुम्ही विचारलंत म्हणून: आईला अजून चालायला का जाऊ देते

एकदा पडल्यावरही आईला चालायला का जाऊ देता, असे तुम्ही मला इतक्या वेळा विचारले आहे की आता एकदाच नीट उत्तर देते.

आई पडली ती नाशिकच्या गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या, चालायच्या ट्रॅकवर नव्हे; तिथे जाताना पदपथावरच्या उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला ठेच लागून. मनगट मोडले, प्लास्टर झाले आणि सगळ्यांनी मिळून तिला घरात बसवून ठेवले. पायांना काहीही झाले नव्हते, हे कृपया लक्षात घ्या. सुरुवातीला हात गळ्यात अडकवलेला असतानाही ती खुर्चीतून आधाराशिवाय उठत असे. प्लास्टर निघायच्या सुमारास मात्र ती आधी खुर्चीच्या कडेला सरकायची, टाचा मागे घ्यायची, पुढे झुकून अर्धवट उठायची, पुन्हा खाली बसायची आणि मग चांगल्या हाताने टेबलाची कड चाचपायची. मनगट जुळून आले, पण तेवढ्या काळात मांड्यांतली ताकद बसून बसून गेली. उतारवयात स्नायू झिजायला थोडीशी विश्रांतीही पुरते आणि ते भरून यायला कितीतरी अधिक काळ लागतो. तिला पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत नेताना आम्ही दोघी रडकुंडीला आलो होतो.

घरातच फेऱ्या माराव्यात, हा तुमचा सल्ला एके काळी मीही देत असे आणि तो मला आजही पुरता खोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचे मध्यम श्रम सुचवले आहेत; ते थोडे थोडे करून भरले तरी चालतात. तोल आणि ताकद यांसाठी वेगळा व्यायामही सांगितला आहे, म्हणून ती ओट्याला धरून टाचा उचलते. दहा हजार पावलांचा हट्ट आम्ही धरत नाही; तो आकडा १९६५ च्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. पण हॉलमध्ये तिच्या मैत्रिणी नसतात. ट्रॅकवरून आली की ती दोन घास अधिक जेवते, चार गोष्टी सांगते.

ती पुन्हा पडणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. तिला यायला उशीर झाला की मला तुमचेच म्हणणे पटू लागते. तरी हा प्रश्न मला विचारा, तिच्यासमोर नको. तुम्ही विचारून गेलात की दुसऱ्या दिवशी ती बूट घालायला कां-कूं करते.