सारस, मी आणि अकरा केव्ही

पहाटे तीनला साकोलीहून मोटारसायकल काढली, तेव्हा बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "नोकरीत होते तेव्हा रात्री जायचे तर निदान पगार तरी मिळत होता." खरं आहे. चौतीस वर्षं लाईनमन होतो. वारा सुटला की फोन, फोन आला की खांबावर. आता फोन येतो सारस पक्ष्यांच्या गणनेचा, आणि निघायची घाई मात्र तीच.

निवृत्तीच्या पैशातून लांब लेन्सचा कॅमेरा घेतला. त्यावरून घरात महाभारत झालं, ते असो. वर्षभर अधूनमधून नवेगावबांधला तलावाकाठचं प्लास्टिक वेचायला जातो. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं कागदावर उतरवतो. मचाणावरून मला वाघ अजून दिसलेला नाही. रानडुकरं मोजून मोजून हात दुखले. पण जूनमधली सारस गणना मी चुकवत नाही.

कोहमाऱ्याला गोंदियाकडे वळलं की मुरदोलीचं जंगल लागतं. जनावरांची ये-जा इथूनच, ट्रकांचीही इथूनच. मी गाडी तीसच्या वर नेत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. मृगाचा एक पाऊस होऊन गेला होता. ओल्या मातीचा वास आणि हेल्मेटच्या काचेवर पाखरांसारखे आपटणारे किडे. गोरेगाव झोपलेलंच होतं.

कुठल्या गावाला गेलो ते लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी दहा गाड्या येऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभ्या राहतात. बाघ नदीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि तेही मोजके. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, त्यावरून काय ते समजा. गणनेत प्रत्येक जागेवर एकाच वेळी माणसं बसतात, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. कागदावर चार गोष्टी लिहायच्या: वेळ, मोठे किती, पिल्लं किती, उडाले तर कोणत्या दिशेला.

माझी जागा होती एका बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीवर. शेतमालक आधीच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसले होते. पाऊस पडला की परे टाकायचे, म्हणजे धानाची रोपं तयार करायची, मग त्यांची रोवणी, आणि रोवणीनंतर त्याच धानात सारस घरटं करतो. उभं पीक तुडवून पाणवनस्पतींचा ढीग रचतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर आळीपाळीने बसतो. तेवढी जागा धानाला मुकते. "दोन पायल्या धान जाते," ते म्हणाले, "पन माह्या बापानं कधी हाकललं नाही, त मी काहून हाकलू?"

पाच वाजता उजाडायला लागलं. आधी नुसत्या दोन राखी आकृत्या, माणसाएवढ्या उंच. मग मानेवरचा लाल रंग दिसला. दोघांनी चोची आभाळाकडे केल्या आणि हाक दिली. नराची एक लांब, लगेच मादीच्या दोन आखूड. आवाज बोडीवरून असा घुमला की हातातला कागद खाली पडला. मागे तिसरा होता, गेल्या वर्षीचं पिल्लू. डोक्यावर अजून बदामी पिसं, लाल काही नाही. मी लिहिलं: ५.१०, मोठे दोन, पिल्लू एक.

मग तिघं उडाले आणि मी बटण दाबून ठेवलं. बावीस फोटो. पडद्यावर पाहिले तर एकवीस फोटोंत सारसाच्या मानेवरून तार गेलेली. बाविसाव्यात सारस नाही, नुसती तार.

शेतमालक वाकून बघत होते. "ही लाईन तुमीच वढली होती ना जी? मोटारपंपासाठी? मी शाळेत होतो तवा. तुमी आमच्या घरी जेवले होते." मला आठवेना. पण खांबाची रांग बघितली आणि आठवलं. कोपऱ्यातल्या खांबाचा ताण मीच बसवला होता, तो आजही थोडा कललेला आहे.

लोक विचारतात, चिमणी तारेवर बसते तिला काही होत नाही, मग सारसालाच का? चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, करंटला जायला दुसरी वाटच नाही. सारस तारेवर बसत नाही, त्याचे पायच तसे नाहीत. तो उडताना धडकतो. पंख पसरले की आठ फूट, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही, आणि पहाटेच्या धुरकट उजेडात तार दिसत नाही. दोन पंख दोन तारांना लागले की अकरा हजार व्होल्ट, म्हणजे अकरा केव्ही. तारांमधलं अंतर किती ठेवायचं ते माणसाच्या हिशेबाने ठरलेलं होतं. आम्ही टेप लावून बरोबर मोजायचो, त्यात चूक नव्हती. पाखराचे पंख कोणी मोजले नव्हते, मीही नाही.

उपाय अवघड नाही. तारेवर वाऱ्याने फिरणाऱ्या चकत्या लावतात, त्या चमकल्या की पाखरू आधीच वर उठतं. घरट्याजवळच्या दोन-चार गाळ्यांत, म्हणजे खांबाखांबांमधल्या अंतरात, तारेला आवरण घालता येतं.

नऊला कागद जमा केला. परतताना गोरेगावला तर्री-पोहे मागवले आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या एका पोराला, तो आता तिकडच्या लाईनवर आहे, फोटो पाठवले. खाली लिहिलं, या तारेला चकत्या लावायच्या आहेत, अर्ज कुठे करू. उत्तर लगेच आलं: "काका, पक्षी छान आहे. खांबाचा नंबर पाठवा."

चौतीस वर्षं नोकरी केली आणि खांबाचा नंबर लिहून घ्यायचा विसरलो. पोहे तसेच ठेवून गाडी परत वळवली.