मरी ते विल्यम क्रीक, मधे एक स्टेपनी

‘मरी’ हे ऑस्ट्रेलियातल्या गावाचं नाव ऐकल्याबरोबर बाबा म्हणाले, “मरीआईचं देऊळ असणार.”

देऊळ नाही, पण मशीद आहे, म्हणजे जुन्या मशिदीची प्रतिकृती. ॲडलेडहून उत्तरेला निघालं की डांबर या मरीत संपतं आणि ऊडनाडाटा ट्रॅक सुरू होतो: मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर, सगळा कच्चा. पूर्वी या मुलखात माल उंटांवरून जायचा. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. 1866 साली थॉमस एल्डरनं शंभरावर उंट कराचीहून जहाजानं आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, असं मी सांगितल्यावर बाबा उंटांचे पाहुणेच झाले. “आपल्याच इलाख्यातले की!”

बाबा म्हणजे सातारा डेपोचे निवृत्त एसटी ड्रायव्हर. इथं गाडी चालवायची परवानगी नाही, म्हणून पुढच्या सीटवर बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. मरीतल्या फलकावर रस्ता ‘चालू’ असल्याचं पाहूनच आम्ही निघालो. पाऊस झाला की तो बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड.

रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. हळू गेलं तर दात वाजतात. नवऱ्यानं टायरमधली हवा कमी करून वेग ऐंशीवर नेला, तेव्हा गाडी लाटांच्या माथ्यावरून सरकायला लागली. बाबांना हे पटेना. “खराब रस्त्याला जोरात? आमच्याकडं मेमो मिळाला असता, जावईबापू.”

एक गोष्ट मात्र त्यांना लगेच पटली. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. दोन तासांत चार गाड्या, चार बोटं. एसटीवाले एकमेकांना हात करतात तसंच. पाचव्या गाडीला बाबांनीच आधी हात केला, तोही एसटीवाला, पूर्ण.

डावीकडे-उजवीकडे जुन्या घान रेल्वेचे अवशेष दिसत राहतात. ती लाइन 1980 साली बंद झाली. पुढे दक्षिण लेक एअरचा पांढरा पट्टा लागला. समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेलं सरोवर, पाणी नाही, नुसतं मीठ. बबलर नावाच्या झऱ्यात मात्र भर वाळवंटात जमिनीखालचं पाणी बुडबुडत वर येतं. उकळतंय असं वाटतं, पण नुसतं कोमट असतं. मला तिथून हलवेना. बाबा दहा मिनिटांत कंटाळले.

पंक्चर त्यानंतर झालं. धारदार दगड, मागचं डावं चाक. मी पाण्याचा कॅन शोधेपर्यंत बाबांनी बाही वर करून पाना हातात घेतला होता. अडुसष्टाव्या वर्षी, आणि सगळ्या सहलीत इतके खूश ते मला कुठे दिसले नव्हते. माशा नाकातोंडात जात होत्या, तरी नट आवळताना त्यांचं बोलणं चालूच: “समोरासमोरचे आवळायचे. ओळीनं नाही.” नवरा मान डोलावत टॉर्च धरून उभा. भर दुपारी टॉर्च कशाला, हे मी विचारलं नाही.

विल्यम क्रीक म्हणजे एक हॉटेल, एक पंप, विमानांची धावपट्टी आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. भोवती ॲना क्रीक हे गुरांचं रान, जगातल्या सगळ्यात मोठ्या रानांपैकी एक, अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षाही विस्तीर्ण. हॉटेलच्या भिंती आणि छत प्रवाशांनी मागे ठेवलेल्या कार्डांनी, परवान्यांनी, चिठ्ठ्यांनी भरलेत.

“बाबा, तुमचा एसटीचा बिल्ला लावा की.”

“वेडी आहेस का? तो इथं टाकून यायला आहे?”

मग खिशातून डिझेलची पावती काढली. मागच्या बाजूला माझ्या पेनानं डेपोच्या रजिस्टरसारखं लिहिलं आणि एका जर्मन कार्डाच्या शेजारी टाचलं:

‘सातारा डेपो. मरी–विल्यम क्रीक. रस्ता खराब. चाक बदलले 1. प्रवासी सुखरूप.’

खाली सही. मग परत मागे येऊन वेळही घातली: 15.40.