सिकलसेल, हिमोग्लोबिन आणि माझी पीएच.डी.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिन, म्हणजे लाल पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, बिघडलेलं असतं. त्याला चिकटतील असे लहान रेणू संगणकावर शोधायचे, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. मी शहाद्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला सिकलसेल पुस्तकातून कळावा लागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातपाय ठणकतात म्हणून आठवडेच्या आठवडे शाळेत न येणाऱ्या मुली माझ्या वर्गात होत्या. पुढे जळगावला एम.एस्सी. करताना समजलं की हिमोग्लोबिन अमिनो आम्लांच्या चार साखळ्यांचं असतं, दोन अल्फा आणि दोन बीटा; त्यातल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येतं आणि एवढ्यानेच हे सगळं घडतं. विषय तिथेच ठरला.

आपल्याकडच्या ज्या मुलामुलींना या वाटेने यायचं आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नेट या पात्रता परीक्षेबद्दल थोडक्यात. सीएसआयआरच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात २०० पैकी १०० गुण एकट्या भाग 'क'चे असतात. ७५ पैकी २५च प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, तिथे मिळते किंवा हुकते. मी सुरुवात केली तेव्हा फेलोशिप महिना ३१,००० रुपये होती, २०२३ पासून ३७,००० झाली. पैसे उशिरा येतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. नोंदणी, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल हे सगळीकडे सारखंच, त्यात वेळ घालवत नाही.

खरं काम प्रथिनाच्या रचनेपासून सुरू झालं. १९७१ साली सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह, सगळ्यांना फुकट खुली आहे. जळगावात बसून मला तीच फाइल मिळते जी केंब्रिजला मिळते, याचं मला आजही अप्रूप आहे. ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनची २.०५ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) इतक्या बारकाव्याची रचना तिथे '२एचबीएस' या नावाने आहे. एका रेणूचं ते सहावं व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या फिनाइलअॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामधल्या खळगीत बसलेलं त्यात स्पष्ट दिसतं. असे रेणू एकमेकांत अडकत जाऊन तंतू बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पहिल्यांदा ती खळगी पडद्यावर फिरवून पाहिली तेव्हा वर्गातल्या त्या मुलींची दुखणी मला समोर दिसली.

पण फाइल उतरवली आणि डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनात बसवून पाहणारा प्रोग्राम, लावलं, असं होत नाही. क्ष-किरणांच्या रचनेत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, ते आपण बसवायचे. हिमोग्लोबिनमध्ये हीम आहे, हीममध्ये लोह, आणि त्या लोहाला एका हिस्टिडिनचा एप्सिलॉन नायट्रोजन धरून असतो. म्हणजे तिथला हायड्रोजन डेल्टा नायट्रोजनवरच हवा. सॉफ्टवेअरच्या ठरीव निवडीवर सोडलं तर तो भलतीकडे बसू शकतो. चारही साखळ्यांत हे हाताने तपासावं लागतं. पाण्याचे कोणते रेणू ठेवायचे, कोणते काढायचे, हाही निर्णय आपलाच. या तयारीत महिने गेले, आणि प्रबंधाचा सगळ्यात भक्कम भाग तोच आहे असं मी मानते.

माझी मावशी एकदा म्हणाली, "कम्प्युटरमा औषद कसं सापडस वं पोरी?" प्रश्न रास्त होता. प्रोग्राम एकेक रेणू प्रथिनाच्या खळगीत निरनिराळ्या प्रकारे वळवून बसवतो आणि प्रत्येक वेळी बांधणीच्या ऊर्जेचा अंदाज देतो. आकडा जितका उणे तितकी पकड घट्ट, असा हिशेब. मी वापरलेल्या ऑटोडॉक व्हिनाच्या मूळ शोधनिबंधातच अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी दिली आहे. तेव्हा उणे ८.२ आणि उणे ८.९ अशी दोन उत्तरं आली तर दुसरा रेणू सरस, असं म्हणता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत मात्र या अर्ध्या-पाऊण आकड्यावर निष्कर्ष उभा असतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यामागे मुलांची वर्षं असतात.

माझ्या मार्गदर्शक मॅडमचा एकच आग्रह होता, "आधी जुना रेणू परत जागेवर बसवून दाखव, मग नवीन आण." म्हणजे ज्या औषधाची प्रथिनासकट रचना माहीत आहे ते काढून घ्यायचं, प्रोग्रामकडून पुन्हा बसवून घ्यायचं आणि मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत येतं का ते बघायचं. माझ्याबाबतीत ते औषध होतं व्हॉक्सेलोटर, सिकलसेलवर अमेरिकेत २०१९ला मंजूर झालेलं. ते अल्फा साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनशी सहसंयुज बंध करतं, आणि साधं डॉकिंग असे बंध जोडत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत शिकावी लागली. दुसरं वर्ष बरंचसं त्यात गेलं.

निवडलेल्या रेणूंचं पुढे सिम्युलेशन, म्हणजे प्रथिन आणि रेणू क्षणाक्षणाला कसे हलतात ते संगणकावर चालवून पाहणं. हिमोग्लोबिनची ५७४ अमिनो आम्लं, भोवती पाणी, क्षार. एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे १०० नॅनोसेकंदांसाठी ५ कोटी पावलं. आमचं ग्राफिक्स कार्ड ते दिवसरात्र करायचं, पण मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर गेलं की कार्ड आपोआप वेग कमी करायचं आणि दुपारी वीज गेली की सगळं थांबायचं. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची नोंद, लिहितं, तिथून पुढे चालू करता येतं, म्हणून निभावलं. आम्ही मोठी सिम्युलेशन्स पावसाळा-हिवाळ्यात आणि विश्लेषण उन्हाळ्यात, असं वर्षाचं वेळापत्रकच बांधलं. खान्देशात हे काम करणाऱ्याने ते जरूर बांधावं.

सल्लागार समितीच्या बैठकीत एका सरांनी विचारलेला प्रश्न अजून माझ्या कामाला दिशा देतो : "लाल पेशीत हिमोग्लोबिन किती असतं, हिशेब केलाय का?" साधारण ५ मिलिमोलर (द्रावणात रेणूंचं प्रमाण मोजायचं एकक). एवढ्या प्रथिनाला पुरेल इतकं औषध पोटात जायला हवं. व्हॉक्सेलोटरची मात्रा रोज १,५०० मिलिग्रॅम होती, ती यामुळेच. डॉकिंगचा कुठलाही आकडा हे सांगत नाही.

मध्येच २०२०च्या अखेरीस अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामची बातमी आली, २०२४ला त्या कामाला नोबेलही मिळालं. प्रत्येक जण विचारायचा, आता तुझं काम काय उरलं? अल्फाफोल्ड २ने दिलेल्या रचनेत हीम नसतं, आणि एका अमिनो आम्लाच्या बदलाने तंतू कसे जुळतात हे ते सांगत नाही. ज्यांच्या प्रथिनाची रचनाच उपलब्ध नव्हती त्यांचं आयुष्य त्याने बदललं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र ज्या भागाला त्याने स्वतःच्या अंदाजाच्या खात्रीचे १०० पैकी ५०च्या खाली गुण दिलेत, तिथे डॉकिंग करू नका.

संगणकातून निघालेल्या रेणूंपैकी मोजके विकत घेऊन रक्तावर तपासायचे होते. त्यासाठी नैतिक समितीची मंजुरी, दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेशी करार, आणि मराठीसोबत पावरीतूनही संमतीपत्रक. ते समजावून सांगायला आशाताई बसल्या होत्या. एका आजोबांनी सही करण्याआधी विचारलं, याने माझ्या नातवाला काही मिळेल का? त्यांना 'लगेच नाही' असं सरळ सांगितलं. त्यांनी तरीही रक्त दिलं. बहुतेक रेणू चाचणीत फसले. एकाने पेशी वाकण्याचा वेग थोडा कमी केला, तोही मोठ्या मात्रेत.

प्रबंध लिहीत होते तेव्हा, सप्टेंबर २०२४मध्ये, कंपनीने व्हॉक्सेलोटर जगभरातून मागे घेतलं. दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी पाहता फायद्यापेक्षा धोका जास्त, असं कारण दिलं. माझ्या सगळ्या तुलना त्याच रेणूशी होत्या. रचनेचे निष्कर्ष खरेच राहिले, पण प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचा सर्वांत चांगल्या गुणांचा रेणू चाचणीत का चालला नाही?" तो पाण्यात नीट विरघळत नव्हता आणि पेशीत शिरला याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, तेच सांगितलं. त्यांनी त्यावर बराच वेळ चर्चा केली आणि शिफारस दिली.

पुढचं काम त्या ५ मिलिमोलरच्या प्रश्नातून आलं आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन असं तंतूत अडकत नाही, पण ते मोठेपणी बंद होतं. ते बंद करणाऱ्या प्रथिनांपैकी बीसीएल११ए हे एक. पेशीत त्याची संख्या हिमोग्लोबिनच्या मानाने अगदी थोडी, म्हणून औषधाची मात्राही कमी लागावी. त्याचे लांब भाग मात्र आकार नसलेले, सैल आहेत, म्हणून सध्या मी फक्त त्याच्या झिंक फिंगर्सवर, म्हणजे जस्ताभोवती घडी पडलेल्या, डीएनए पकडणाऱ्या छोट्या भागांवर, काम करते आहे. हीमचे पॅरामीटर आणि सिम्युलेशनच्या सगळ्या फाइली आमच्या संशोधन केंद्रातल्या ज्युनियर मुलींकडे दिल्या आहेत. त्यांच्यातली एक धडगावची आहे.