पांढरे ठिपके

नळ काल घासला की महिन्यापूर्वी, हे आमच्याकडे बघून सांगता येत नाही. कितीही लख्ख करा, सकाळच्या आंघोळी उरकल्या की पांढरे ठिपके हजर. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पेठेतल्या पुणेकरांना हे दुखणं कळायचं नाही. ते धरणात साठलेलं पावसाचं पाणी. उपनगरात बोअर आणि टँकर. हे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत येतं, येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. भारतीय मानक म्हणतं, पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 600पर्यंत चालवून घ्या. आम्ही चालवून घेणाऱ्यांतले.

ठिपका एकदा जवळून बघाच. कडेला जाड रेघ, मध्ये नुसता धुरकटपणा. थेंब कडेनं आधी वाळतो, आतलं पाणी तिकडे धावतं आणि क्षार तिथंच टाकून उडून जातं. म्हणजे दोष जितका पाण्याचा, तितकाच ते वाळू देण्याचा. माझी आई भांडी घासली की लगेच कोरड्या फडक्यानं पुसते. पाणी तेच बोअरचं, पण तिच्या फुलपात्रांवर ठिपका शोधून सापडत नाही. आम्ही जाळीत पालथी घालून मोकळे होतो आणि मग लिंबाची फोड घेऊन बसतो. (संगमरवरी ओट्यावर लिंबू नको. संगमरवरही त्या डागासारखा जातीनं चुनखडीच. डागाबरोबर ओट्याची चकाकीही जाते.)

गीझरच्या आत मात्र फडकं पोचत नाही. पाणी तापलं की विरघळलेला चुना बाहेर पडतो, कॉइलवर कवच धरतो आणि वीज आधी ते कवच तापवण्यात जाते. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, घ्यावा तर त्यासाठी. त्याच्या टाकीतले रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, की पुन्हा कामाला तयार. विक्रेता टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) बुडवून दाखवायला लागला की मला हसू येतं. इथं क्षारांची फक्त अदलाबदल होते, आकडा जवळपास तिथंच राहतो.

हे सोडियम झाडांना सोसत नाही. म्हणून आमच्या सोसायटीनं बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढली. गाड्याही त्याच नळावर धुतल्या जातात. जास्वंद खूश आहे. काळ्या गाड्यांचे मालक पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट बघताहेत.