वीतभर की हातभर?

सकाळचं फिरणं उरकून कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर टेकलेल्या पन्नाशीच्या चौघांच्या हातात एखादी लग्नपत्रिका पडली की पुढचा प्रकार बघण्यासारखा असतो. पहिला पत्रिका लांब धरतो, मग आणखी लांब धरतो, मग "मुहूर्त कितीचा हाय बघ रं" म्हणत शेजाऱ्याकडं सरकवतो. शेजारी खिसे चाचपतो. शेवटी एकाच्या खिशातून चष्मा निघतो, रस्त्यावर घेतलेला, काळ्या काड्यांचा, आणि तो चौघांच्या नाकांवरून फिरून येतो. "आयला, ह्यातनं झकास दिसतंय की! कुठनं घेतलास?" मुहूर्त कळतो, कार्यालय कळतं, आणि निमंत्रकांच्या यादीत आपल्या चुलत्याचं नाव नाही हेही कळतं.

एकाचा चष्मा चौघांना कसा चालतो, हा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. खरं तर पडायला हवा, कारण रेडीमेड चष्म्याचा सगळा धंदा त्याच्या उत्तरावर उभा आहे. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं. जवळचं बघायचं झालं की भोवतीचा स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. दहा वर्षांचं पोर पुस्तक नाकाला लावूनही वाचतं ते याच जोरावर. पुढं वर्षागणिक भिंग ताठ होत जातं, चाळिशी ओलांडली की फुगायला कुरकुरतं आणि साठीला जवळजवळ फुगतच नाही. यात कुणाला सूट नाही. तालमीत जन्मभर जोर काढलेला गडी असो नाही तर टेबलाशी बसून निवृत्त झालेला कारकून, दोघांचं भिंग साधारण एकाच चालीनं ताठतं. म्हणून ज्याला आधीपासून दुसरा कसलाच नंबर नाही, त्याला पंचेचाळिशीत साधारण प्लस एक, पन्नाशीत दीड ते दोन आणि साठीला अडीच लागतो. महाद्वार रोडवरचा स्टॉलवाला नंबर न विचारता "काका, वय किती?" म्हणतो तेव्हा हसू येतं, पण त्याचा ठोकताळा डॉक्टरांच्या तक्त्यापासून फार लांब नसतो.

"तसले चष्मे घालू नका, डोळे बाद होतील," हे वाक्य मात्र दुकानांत आणि नातेवाइकांत सारख्याच ठसक्यात ऐकू येतं. मला ते पटत नाही. चुकीच्या नंबरानं मोठ्या माणसाच्या डोळ्यांचं कायमचं नुकसान होत नाही. डोकं दुखेल, डोळे शिणतील, दोन पानं वाचून झोप येईल (ती काहींना नंबर बरोबर असला तरी येते). चष्मा काढला की डोळा होता तसाच असतो. नंबर वाढतो तो वयानं. शंभर-दीडशे रुपयांचा चष्मा त्यात उगाच बदनाम होतो.

त्याच्या मर्यादा आहेत, नाही असं नाही. त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात, आणि आपले दोन डोळे तसे असतीलच याची काही हमी नाही. उजव्याला सव्वा आणि डाव्याला दोन अशी जोडी असली की एक डोळा काम करतो आणि दुसरा नुसता हजेरी लावतो. मग तो सिलिंड्रिकल नंबर. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नसली की एका दिशेच्या रेघा ठसठशीत दिसतात आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट. देवनागरी वाचणाऱ्याला हे फार लवकर कळायला हवं, कारण शिरोरेघ काळीभोर दिसते आणि खालचे काने विरघळतात, किंवा नेमकं उलट होतं. हा दोष अर्ध्या नंबराचा असेल तर पेपर वाचताना कुणाच्या लक्षातही येत नाही. एक-सव्वाच्या वर गेला की स्टँडवरचे सगळे चष्मे घालून बघा, काहीतरी राहिल्यासारखं वाटतच राहतं. आणि ज्याला लांबचा मायनस दोन-अडीच नंबर आहे त्यानं तर स्टँडकडं वळूही नये. त्यानं आपला नेहमीचा चष्मा कपाळावर सरकवला की बहुतेक काम भागतं.

तिसरी गोष्ट काचेच्या मध्याची. डोळ्याची बाहुली आणि काचेचा मध्य समोरासमोर यायला हवेत. तयार चष्मा सरासरी चेहऱ्याच्या मापावर बनतो, शिवाय वाचताना दोन्ही डोळे आत वळतात आणि बाहुल्यांमधलं अंतर तीन-चार मिलिमीटरनं कमी होतं. मग काचेच्या मध्याऐवजी नाकाकडच्या बाजूनं बघणं होतं, आणि डोळ्यांना गरजेपेक्षा जरा जास्त आत वळावं लागतं. चष्मेवाले याचा फार बाऊ करतात. दोन नंबरापर्यंत, दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर बहुतेकांना हे जाणवतही नाही. नंबर साडेतीन, चेहरा अरुंद आणि हातात जाडजूड कादंबरी असा योग जुळला की जाणवतं.

पण नंबर विचारला जातो, वय विचारलं जातं, फ्रेमचा रंगसुद्धा विचारला जातो. काम डोळ्यांपासून किती लांब धरता, हे कुणी विचारत नाही. आणि माझ्या मते सगळं तिथंच आहे. हिशेब अगदी शाळेतला आहे. शंभर सेंटिमीटरला त्या अंतरानं भागायचं. आपली जुनी मापं घ्या. हात म्हणजे दीड फूट, साधारण ४५ सेंटिमीटर. शंभर भागिले ४५, म्हणजे सव्वादोन. वीत म्हणजे त्याच्या निम्मी, म्हणून तिथं ताकद दुप्पट, साडेचारच्या आसपास. लॅपटॉपचा पडदा ६५ सेंटिमीटरवर, त्याला दीड पुरतो. ही झाली लागणारी एकूण ताकद. त्यातली डोळ्यात अजून शिल्लक असेल ती वजा करायची आणि बाकीची चष्म्याकडून घ्यायची. शिल्लक असलेली सगळीच्या सगळी खर्चून वाचायला बसलं की डोळे थकतात, म्हणून थोडी राखून ठेवायची.

आता गुजरीतल्या कारागिराकडं बघा. कोल्हापुरी साजाचं एकेक पान तो वीतभर अंतरावर धरून जोडतो. त्याच्याच वर्गात शिकलेला मास्तर हातभर अंतरावर पेपर धरून वाचतो. दोघं साठीचे, दोघांच्या डोळ्यांत दुसरा काही दोष नाही. मास्तराला अडीचचा चष्मा पुरून उरतो, आणि कारागिराला तोच चष्मा जवळजवळ निरुपयोगी. त्याला हवा तो नंबर स्टँडवर बहुधा मिळतच नाही, कारण तिथली रांग तीन-साडेतीनवर संपते. शिंप्याची गोष्ट आणखी निराळी. कापड कापताना त्याला हाताहून जास्त अंतर लागतं आणि सुईत दोरा ओवताना वीतसुद्धा लांब वाटते. आणि चौरंगावर पोथी ठेवून मांडी घालून बसलेल्या आजीचं अंतर तर दीड हाताच्या जवळ जातं. पोथ्यांची अक्षरं मोठी छापणाऱ्यांना डोळ्यांचं शास्त्र माहीत असो-नसो, वाचणारी कुठं बसते हे नक्की माहीत होतं.

स्टॉलवर हे अंतर कुणी मोजत नाही, आणि तिथंच खरी फसगत होते. दीडचा लावला, बरं दिसलं. दोनचा लावला, अक्षर जरा मोठं झालं. अडीचचा लावला, आणखी मोठं. मोठं ते चांगलं असं समजून माणूस तीनचा घेऊन घरी जातो, आणि मग पेपर नाकाजवळ आणल्याशिवाय दिसत नाही आणि मान आखडते. तेव्हा स्टॉलवर जाताना आपला रोजचा पेपर बरोबर न्यावा. घरी धरतो तिथंच धरावा. एकेक डोळा झाकून बघावं, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चोरी लपवतो. आणि स्वच्छ दिसणाऱ्या चष्म्यांतला सगळ्यात कमी नंबराचा घ्यावा. काचेवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेल्या नंबरावर विश्वास नसेल तर गच्चीत ऊन आहे आणि घरात टेप आहे. दोन नंबरची काच सूर्याचा ठिपका अर्ध्या मीटरवर पाडते, अडीचची ४० सेंटिमीटरवर. ठिपका भिंतीवर पाडा, कागदावर नको, बायको ओरडेल.

स्वस्त चष्म्याला नाक मुरडणाऱ्यांना मी आसामची गोष्ट सांगतो. तिथल्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. निम्म्यांना जवळचं बघायचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानं खुडायची गती बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचं आणि जवळचं दोन्ही) नाही, कोटिंग नाही, निळा प्रकाश अडवणारं काही नाही. चपलेची वेणी गुंफणाऱ्या बाईला किंवा भाजीच्या गाड्यावर मोबाइलमध्ये पैसे आले का बघणाऱ्या मामाला यापेक्षा वेगळं काय हवं असतं?

मग डॉक्टरकडं जायचंच कशाला? काचेसाठी नव्हे. डोळे तपासायला. चष्मा आणि तपासणी या दोन वेगळ्या खरेद्या आहेत, आणि आपण त्यांची गाठ मारून ठेवली आहे. रस्त्यावर चष्मा मिळाला की तपासणी टळते. काचबिंदू बाजूची नजर कडेकडेनं खात येतो आणि मधली बराच काळ शाबूत ठेवतो, म्हणून काचबिंदूवालाही स्टॉलवर अगदी खणखणीत वाचून दाखवतो. मधुमेहानं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काय करून ठेवलंय ते कुठल्याच चष्म्यातून दिसत नाही. चाळिशी उलटली की पैसे खर्चायचे ते डोळ्यातला दाब आणि मागचा पडदा बघणाऱ्यावर. तिथं नंबराचा कागद मिळतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि सिलिंड्रिकलचा रकाना कोरा असेल तर तो कागद खिशात घालून खुशाल स्टँडकडं वळावं. चष्म्याच्या दुकानदाराला हे आवडणार नाही, पण त्याच्याकडं जाणारे आपण उरलेले पुष्कळ आहोत.

आमची आत्या शुक्रवार पेठेत राहते. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस तिनं जाहीर केलं, "मला आता चष्मा लागत न्हाई. बिनचष्म्याचा पेपर वाचतो मी." घरात आनंदीआनंद. कुणी श्रेय गाजराला दिलं, कुणी अंबाबाईला. म्हातारपणी जवळचं अचानक चष्म्याशिवाय दिसायला लागलं तर त्यामागं बऱ्याचदा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याची ताकद वाढते, जवळचं उजळतं आणि लांबचं जातं. म्हणून मी विचारलं, "आत्या, तुला एसटीची पाटी वाचता येती का?"

"ती कशाला वाचू? मला कुठं जायाचं हाय?"

मोतीबिंदूच निघाला. एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आत लांबच्या नजरेची नवी भिंगं बसली आणि देवळाचं शिखर गच्चीतून दिसायला लागलं. पण ही भिंगं फुगत नाहीत, ती बसवली तिथंच बघतात. पेपर पुन्हा पुसट झाला. "चांगला वाचत होतो, ते घालवलंसा सगळ्यांनी मिळून," म्हणून आठवडाभर अबोला. पुण्याच्या मुलानं फोनवर प्रोग्रेसिव्हचा आग्रह धरला, महागातला. मी विरोध केला. त्या काचेच्या खालच्या भागातून पायऱ्या अंधुक दिसतात, आणि आत्याच्या घरचा जिना उजेडातसुद्धा परीक्षा बघणारा आहे. शिवाय डॉक्टरांच्या कागदावर लांबचा नंबर शून्य आणि जवळचा दोन्ही डोळ्यांना अडीच, इतकं सरळ प्रकरण. रेडीमेड चष्मा जणू तिच्यासाठीच काढलेला.

स्टॉलवर ती घडी घातलेला पेपर घेऊनच आली. स्टॉलवाला पोरगा चुणचुणीत होता. "आज्जी, तीनचा घ्या. अक्षर मोठं दिसंल."

"मोठं दिसून काय त्याचं लोणचं घालू? मला हितं दिसाय पायजे," म्हणत तिनं पेपर नेमका हातभर लांब धरला. अडीचचा बसला. फ्रेम गुलाबी होती, मी तपकिरी सुचवली, माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मग घासाघीस झाली आणि तिनं तीन चष्मे घेतले. एक देवघरात, एक स्वयंपाकघरात.

"आणि तिसरा गं?"

"हरवायला नको व्हय एक?"