फक्कीच्या रेघा आणि तुरीची पोती

डिसेंबर लागला की महाल भागातल्या आमच्या शाळेत क्रीडासंमेलनाचे वारे वाहू लागत. नागपूरच्या पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असे आणि स्वेटर काढायला कोणी धजावत नसे. पण शिपाईकाका मात्र त्याआधीच येऊन, दोरी ताणून, पटांगणावर फक्कीच्या रेघा आखत असत. ती रेघ ओलांडून कोणी चालत गेले, तर मुख्याध्यापकांनाही त्यांचे दोन शब्द ऐकावे लागत.

वर्षभर आम्ही इयत्तांप्रमाणे बसत असू. संमेलनात मात्र लाल, हिरवा, निळा आणि पिवळा असे चार गट पडत, आणि पाचवीतला मुलगा दहावीतल्या मुलाच्या शेजारी उभा राही. एरवी जिन्यात धक्का देऊन पुढे जाणारे हेच मोठे विद्यार्थी आठवडाभर धाकट्यांच्या बुटांच्या नाड्या तपासताना दिसत. नागरिकशास्त्राच्या तासाला जे जमले नाही ते या गटांनी साधले, असे माझे मत आहे.

खरा जीव गुंतलेला असे तो खो-खोत. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी आठ जण दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि धावतो तो एकटा नववा. त्यालाही मध्यपट्टी ओलांडण्याची मुभा नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय मागे वळता येत नाही. म्हणजे गडी डोळ्यांदेखत पलीकडे निसटला, तरी त्याला पकडण्याची संधी पाठमोऱ्या बसलेल्या सोबत्याला द्यावी लागते. एका वर्षी आमच्या गटातला सर्वांत चपळ मुलगा स्पर्श होण्याआधीच उठला, पंचांनी फाउल दिला, आणि हाताशी आलेला गडी सुटला. पीटीचे सर ओरडले, ‘‘काहून उठला बे? खो भेटल्याशिवाय उठायचं नाही!’’ तो खाली मान घालून पुन्हा बसला. पुढचा खो मिळेपर्यंत त्याची बोटे मातीत रुतलेली होती आणि एक टाच किंचित उचललेली होती. आपण सर्वांत वेगवान आहोत हे ठाऊक असूनही आपली पाळी येईपर्यंत बसून राहणे, हे चौदाव्या वर्षी सोपे नसते.

उद्घाटनाच्या भाषणांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ती लांबत आणि आम्ही उन्हाचा तुकडा शोधत उभे राहत असू.

राज्यस्तरावर पोहोचणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि ते अवश्य मिळावेत. मात्र शाळेतील बहुतेक मुलांची धाव आपल्याच पटांगणापुरती असते. अलीकडे काही ठिकाणी संमेलनाचे काम बाहेरच्या मंडळींना सोपवून मुलांना केवळ संचलनापुरते उभे करतात, तेव्हा या बहुतेकांच्या हाती काय उरते, असा प्रश्न मला पडतो.

आमच्याकडे सगळे मागूनच आणावे लागे, आणि त्यामुळे आपोआप अख्खी वस्ती संमेलनात ओढली जाई. आंबिया बहराची संत्री त्या सुमारास बाजारात असत. पालकांपैकी कोणीतरी टोपलीभर पाठवी आणि मध्यंतरात सोललेल्या फोडी चारही गटांत फिरत. पालक आणि शिक्षक यांच्या रस्सीखेचीत एरवी गंभीर चेहऱ्याने प्रगतिपुस्तकावर सही करणारे वडील मातीत घसरताना दिसत, आणि त्या दिवसानंतर शिक्षकांना भेटायला येताना त्यांचा संकोच बराच कमी झालेला असे. पोत्यांच्या शर्यतीसाठी पोती यायची इतवारीतल्या धान्याच्या दुकानांतून. त्यांना तुरीचा वास असे, आणि शर्यत संपल्यावर पायांना तूस चिकटून खाज सुटे.

ती पोती झटकून, घडी घालून, दुसऱ्या दिवशी परत नेऊन देण्याचे काम शाळेने विजेत्या गटाकडे सोपवलेले होते. ढाल मिळवलेली मुले डोक्यावर गठ्ठे घेऊन इतवारीच्या गर्दीतून निघत. दुकानदार एकेक पोते उजेडात धरून पाही, फाटलेली वेगळी काढी, आणि त्यांचे पैसे गटाच्या वर्गणीतून तिथल्या तिथे चुकते केले जात.