आधी तलाठी, मग खासदार

नोकरीत असताना तीन ऑगस्टला येडेमच्छिंद्रला जायला कधी जमलं नाही. एक ऑगस्टला महसूल वर्ष सुरू होतं, त्याच दिवशी महसूल दिन, तहसीलला हारतुरे, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘फेरफार किती प्रलंबित, वसुली किती’ म्हणून आमच्या वरच्या सर्कल ऑफिसरचा तगादा. चौतीस वर्षं वाळवा तालुक्यात तलाठी होतो आणि एवढ्या जवळ असून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या जयंतीला एकदाही गेलो नाही. रिटायर झाल्यापासून मात्र चुकवत नाही. यंदाही भुरभुर पावसात स्कूटर काढली.

भाषणं नेहमीचीच. प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांविरुद्ध सातारा भागात उभं केलेलं समांतर सरकार, पत्री म्हणजे त्यांची तळपायावर मारण्याची शिक्षा, इंग्रजांना सळो की पळो. एका शाळकरी पोरानं ‘नानांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली’ असं छान ठसक्यात म्हटलं, पण कुठली नोकरी ते काही सांगितलं नाही. मास्तरांनी लिहून दिलं नसेल. माझ्या तोंडावर आलं होतं, ‘बाळ, तलाठ्याची.’ पण तलाठी हा शब्द जयंतीच्या स्टेजवरून बरा ऐकू येत नाही, हे मलाही कळतं. आता तर सरकारनंच आमचं नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलंय.

नानांचं मूळ नाव नाना रामचंद्र पिसाळ. जन्म १९०० सालचा. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता; दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं ‘सांगली’ असं नाव पडलं १९६० ला. घरात पाटीलकी, अंगावर वारकऱ्यांचे आणि सत्यशोधकांचे संस्कार. शिकून ते तलाठी झाले आणि १९३० ला कायदेभंगाची चळवळ सुरू झाल्यावर राजीनामा देऊन बाहेर पडले. चरित्रांमध्ये या नोकरीला एक ओळ मिळते. ती एक ओळ वाचून मी नेहमी थांबतो.

कारण तलाठ्याला जे दिसतं ते गावात दुसऱ्या कुणाला दिसत नाही. कुठल्या भावानं कुठल्या भावाला पोटहिश्शात फसवलंय, कुणाच्या विहिरीत कुणाचा चौथा हिस्सा आहे, कुठल्या विधवेचं नाव वारसनोंदीत ‘राहून गेलंय’, कुणाची पट्टी सावकाराकडं गहाण पडून वीस वर्षं झाली. हे सगळं दप्तरात असतं, आणि जे दप्तरात नसतं ते चावडीच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर असतं. इंग्रजी अमलात त्यात आणेवारीची, म्हणजे पीक सोळा आण्यांपैकी किती आलं या अंदाजाची भर. पीक चार आण्यांच्या खाली गेलं तर त्या वर्षीचा सारा तहकूब, वर असेल तर भरायचा. म्हणजे शेतात उभ्या असलेल्या जोंधळ्याला साडेतीन आणे म्हणायचं की साडेचार, यावर घरातली भांडी राहणार की जप्तीत जाणार हे ठरायचं. हा आकडा वर ठरत असला तरी शिव्या खायला तलाठी. आमच्या काळात आण्याचे पैसे झाले, पन्नास पैशांची रेघ आली. बाकी शिव्या त्याच.

अशी नोकरी केलेला माणूस पुढं सरकार चालवायला बसला तर काय करील? १९४३ ते ४६ या काळात प्रतिसरकारनं जे केलं ते मला अगदी चावडीवरच्या माणसाचं काम वाटतं. रेल्वे लुटली, धुळ्याचा खजिना लुटला, त्याच्या कथा होतात. पण गावोगाव न्यायमंडळं बसवून सावकाराकडं अडकलेल्या जमिनी सोडवणं, बांधाचे वाद मिटवणं, दारू बंद करणं, हे कुणाला सुचेल? ज्यानं गहाणखतं हाताळलीत त्याला. अर्थात नाना एकटे नव्हते. कुंडलला जी. डी. बापू लाड होते, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी होते, प्रतिसरकारच्या तुफान सेनेची पोरं होती. पण भाषण नानांचं. कीर्तनकाराचा ओघ, त्यात शेतातली उदाहरणं, आणि समोर बायका-पोरांसकट गाव.

माझ्या आज्जीचं लग्न १९४५ मध्ये, प्रतिसरकारच्याच काळात, ‘गांधी पद्धतीनं’ झालं. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. सुताचे दोन हार आणि पाहुण्यांना गूळ-पाणी. मानपानाची लुगडी मिळाली नाहीत म्हणून म्हातारी शेवटपर्यंत कुरकुरायची आणि त्याच दमात सांगायची, ‘पर आमच्या बाला शेत इकाय लागलं न्हाई.’

आता एक खटकणारी गोष्ट. चळवळीत साताऱ्याकडच्या कितीतरी चावड्या जाळल्या गेल्या, दप्तरांसकट. माझ्या एका सजात, म्हणजे माझ्याकडं असलेल्या गावांत, जुन्या नोंदी शोधायला गेलं की एका ठरावीक सालाच्या मागं काहीच सापडायचं नाही. दप्तराचा रुमाल सोडला की वरचे कागद करपलेल्या कडांचे, खाली नुसता भुगा. एक म्हातारबा आज्जाच्या नावाचा १९३० च्या सुमाराचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, मागायला तीनदा आले. तिसऱ्यांदा मी ‘जुने दप्तर उपलब्ध नाही’ असं लिहून दिलं. त्यांनी कागद घडी घालून टोपीत ठेवला आणि म्हणाले, ‘आमीच जाळलं की ओ भाऊसाहेब. मी रॉकेलचा डबा धरला हुता.’ त्यांची केस पुढं टिकली नाही. मला त्या दिवशी हसावं की रडावं कळेना. ज्यांचा नेता एके काळचा तलाठी, त्यांनी तलाठ्याचं दप्तर जाळलं. आणि नानांच्या स्वतःच्या घरादारावर, जमिनीवर सरकारनं जप्ती आणली तेव्हा तीही कुठल्या तरी दप्तरात चढलीच असणार, त्यांच्याच जुन्या खात्याच्या कुणा माणसाच्या अक्षरात.

१९४६ ला ते कराडला उघडपणे लोकांसमोर आले. पुढं शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. ही पक्षांतरं मी इथं उगाळत नाही. त्यावर आमच्या कट्ट्यावर अजून दोन गट पडतात. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं असं होतं की खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडातून जेमतेम विधानसभेवर आले. त्याच निवडणुकीत नाना साताऱ्यातून लोकसभेत गेले. तिथं ते मराठीत बोलले, आणि लोकसभेत मराठी बोलणारे पहिले खासदार तेच, असं आमच्याकडं छाती फुगवून सांगतात. मला त्यात शौर्यापेक्षा सवय दिसते. आयुष्यभर ज्या भाषेत बांध, सारा, गहाण हे शब्द वापरले, ती सोडून माणूस बोलणार तरी काय?

त्यांची दुसरी खासदारकी मला जास्त आवडते. १९६७ ला ते निवडून आले ते बीडमधून. जात, भावकी, कारखाना, सोसायटी यांतलं काहीच नसलेल्या जिल्ह्यात. आज कुणी असं करून दाखवावं. १९७६ ला सहा डिसेंबरला ते गेले आणि अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.

बीडचं नाव निघालं म्हणून सांगतो. २००१ च्या हंगामात पीकपाहणीला फडात गेलो होतो. ऊस आडसाली, अर्धा तुटलेला, बांधाला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, आणि मुकादम बाजेवर हिशेबाची वही घेऊन. पन्नाशी ओलांडलेला, बीडकडचा. कुठल्या गावात आलोय हे त्याला टोळी उतरल्यावर कळलं होतं. मला म्हणाला, ‘भाऊसाहेब, नाना पाटील तुमच्याच भागातले ना? माझं आयुष्यातलं पहिलं मत त्यांना दिलंय. चिठ्ठीवर विळा-कणीस होतं.’ मग बराच वेळ त्यांच्या सभेबद्दल बोलत होता. झाडाखाली, रात्री, कंदिलावर. ‘खिशात काय नव्हतं बगा माणसाच्या,’ असं दोनदा म्हणाला. मग विचारलं, ‘राजकारणात यायच्या आधी काय करायचे?’

‘तलाठी होते,’ मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या नव्या मोटारसायकलकडंही बघितलं. आणि खो खो हसत म्हणाला, ‘तलाठी? आन् खिसा रिकामा?’

कोयते थांबवून टोळीतली दोन पोरंही हसायला लागली. मी वहीत ‘ऊस, आडसाली, बागायत’ एवढं लिहिलं आणि गाडीला किक मारली.